प्राणी-शरीरक्रियाशास्त्र वर्गात समजते, पण प्रश्न फिरवून आला की सुचत नाही. अभ्यास कसा करावा?

तुम्ही विचारले आहे की, पदवीच्या दुसऱ्या वर्षाचे प्राणी-शरीरक्रियाशास्त्र वर्गात ऐकताना नीट समजते, टिपणेही तोंडपाठ होतात, परंतु परीक्षेत तोच भाग जरा फिरवून विचारला की लेखणी अडते. आणि शाळेतले भौतिकशास्त्र व गणित कच्चे राहिल्यामुळे हा विषय आपल्या आवाक्यातला नाही, अशी शंका येते. हा विषय मी आधी शिकणाऱ्याच्या बाकावरून आणि नंतर शिकवणाऱ्याच्या बाजूने बरीच वर्षे पाहिला आहे. माझ्या मते तुमची अडचण बहुतेक विद्यार्थ्यांना येते तीच आहे: शरीररचनाशास्त्र ज्या पद्धतीने वाचले, त्याच पद्धतीने तुम्ही हा विषय वाचत आहात. रचनेत भागाचे नाव, त्याची जागा आणि शेजारचे भाग माहीत असले की निम्मे काम होते. येथे मात्र काय वाहते आहे, कोणत्या फरकामुळे वाहते आहे, त्याला अडवणारे काय आहे आणि ते किती वाहते, हे सांगता आले पाहिजे.

या विषयातले बहुतेक धडे एकाच संबंधावर उभे आहेत: प्रवाह हा फरकाच्या प्रमाणात वाढतो आणि रोधाच्या प्रमाणात घटतो. रक्त दाबातल्या फरकामुळे वाहते, ऑक्सिजन आंशिक दाबातल्या फरकामुळे, पाणी परासरणी दाबातल्या (म्हणजे विरघळलेल्या द्राव्यामुळे पाणी ओढून घेणाऱ्या दाबातल्या) फरकामुळे, उष्णता तापमानातल्या फरकामुळे, तर आयन (विद्युतभारित कण) संहती, म्हणजे द्रावणातले प्रमाण, आणि विद्युतविभव या दोन्हींतल्या फरकांमुळे. रोधाच्या बाबतीत एक गोष्ट आकड्यानिशी ध्यानात ठेवावी. अरुंद नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तेवढ्याच दाबाला तिच्यातून जाणारा प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. एखाद्या अवयवाकडे किती रक्त जाईल हे सूक्ष्म रोहिण्यांच्या भिंतीतले स्नायू का ठरवतात, याचे निम्मे उत्तर या एका आकड्यात आहे.

चेतापेशीच्या विश्रांती-विभवाचा (पेशी शांत असताना पटलाच्या आत-बाहेर असणाऱ्या विद्युतविभवातल्या फरकाचा) धडा विद्यार्थ्यांना सर्वांत नकोसा वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. सस्तन प्राण्याच्या पेशीत पोटॅशियम सुमारे १४० आणि बाहेर सुमारे ५ मिलिमोल प्रतिलिटर असते. पेशीपटल केवळ पोटॅशियमलाच वाट देत असते, तर नेर्न्स्टच्या समीकरणाप्रमाणे (एखाद्या आयनच्या आतल्या-बाहेरच्या संहतीवरून त्याचे समतोल-विभव काढण्याचे सूत्र) आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे उणे ८८ मिलिव्होल्टवर स्थिरावली असती. थोडे सोडियमही आत झिरपते, म्हणून प्रत्यक्ष मोजणीत उणे ७०च्या आसपासचा आकडा येतो. आता बाहेरचे पोटॅशियम ५ वरून १० केले तर काय होईल? समीकरणात आकडा घाला. पोटॅशियमचे समतोल-विभव उणे ८८ च्या जागी उणे ७० मिळेल, म्हणजे प्रत्यक्ष विभवही आपल्या उणे ७०च्या पातळीवरून शून्याच्या बाजूला ढळेल. रक्तातले पोटॅशियम वाढले की हृदयाची लय का बिघडते, या प्रश्नाचे उत्तर येथूनच सुरू होते. ज्याने केवळ 'विश्रांती-विभव उणे ७० असते' एवढेच पाठ केले आहे, त्याला हे सुचण्याची वाटच नाही. सोडियम-पोटॅशियम पंप (ऊर्जा खर्चून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारे पटलातले प्रथिन) हे विभव थेट निर्माण करतो, हाही उत्तरपत्रिकांत नेहमी आढळणारा गैरसमज आहे. पंप संहतीतला फरक टिकवून धरतो; त्याचा थेट वाटा काही मिलिव्होल्टचाच. पंप विषाने थांबवला तरी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूतून (चेतापेशीच्या लांब धाग्यातून) हजारो आवेग (विद्युत संदेश) जाऊ शकतात, कारण एका आवेगात सरकणाऱ्या आयनांची संख्या आतल्या साठ्याच्या मानाने नगण्य असते.

स्क्विडचा उल्लेख आलाच आहे, तर प्राण्यांच्या निवडीबद्दलही सांगतो. अभ्यासक्रमात इतके वेगवेगळे प्राणी का येतात, याचा पुष्कळांना त्रास होतो. डेन्मार्कचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी १९२९ मध्ये मांडले होते की, पुष्कळशा प्रश्नांसाठी असा एखादा प्राणी असतो, ज्याच्यावर तो प्रश्न सर्वांत सोयीने अभ्यासता येतो. स्क्विडचा अक्षतंतू अर्ध्या ते एक मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणून हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांना त्याच्या आत इलेक्ट्रोड घालता आला आणि १९५२ मध्ये आवेगाची समीकरणे मांडता आली. प्राण्यांची यादी या नजरेने वाचावी. अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या आइसफिशच्या रक्तात हिमोग्लोबिन नसते, हे निव्वळ नवल म्हणून लक्षात ठेवले तर दोन गुण मिळतील. परंतु गार पाण्यात ऑक्सिजन अधिक विरघळतो, त्या थंडीत माशाची गरजही कमी असते, रक्ताचे आकारमान मोठे, वाहिन्या रुंद आणि हृदय भरभक्कम असते, हे प्रवाहाच्या संबंधात बसवून पाहिले, तर वाहून नेण्याची क्षमता घटली असता भरपाई कोणत्या मार्गांनी होऊ शकते, हा सबंध प्रश्नच हाती येतो.

आलेख पाहू नका, काढा. हिमोग्लोबिनच्या ऑक्सिजन-संपृक्ततेचा इंग्रजी एस अक्षरासारखा वक्र पुस्तक मिटून कागदावर काढा आणि त्यावर फुप्फुसातला सुमारे १०० व विश्रांतीतल्या ऊतींतला सुमारे ४० मिलिमीटर पारा असे दोन बिंदू दाखवा. संपृक्तता साधारण ९८ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर येते. मग स्वतःला विचारा: एका माणसाचे हिमोग्लोबिन जुनाट रक्तक्षयामुळे निम्मे झाले आहे, दुसऱ्याचे पूर्ण आहे, पण त्यातले निम्मे कार्बन मोनॉक्साइडने अडवले आहे. दोघांच्या धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन जवळपास सारखाच असताना पहिला हळूहळू का होईना चालू-फिरू शकतो आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात येतो, हे कसे? केवळ 'वहनक्षमता कमी होते' या उत्तराने दोघांतला फरक सुटत नाही. हिमोग्लोबिनच्या चार जागांपैकी एखाद्या जागेवर कार्बन मोनॉक्साइड बसला की उरलेल्या जागा ऑक्सिजन अधिक घट्ट धरतात, वक्र डावीकडे सरकतो, आणि ऊतींतला दाब फार खाली गेल्याशिवाय ऑक्सिजन सुटत नाही. रक्तक्षयात याच्या उलट, तांबड्या पेशींतले, हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल करणारे बायफॉस्फोग्लिसरेट वाढून वक्र उजवीकडे झुकतो. फिरवून विचारलेला प्रश्न म्हणतात तो हाच, आणि तो वक्र स्वतः काढून सरकवून पाहणाऱ्यालाच सुटतो.

गणिताची भीती वाटते, तर एवढेच सांगतो की लॉगॅरिदम, घातांक, साधे गुणोत्तर आणि एककांची अदलाबदल यापलीकडे पदवीच्या पातळीवर फारसे काही लागत नाही. उंटाचे उदाहरण घ्या. पाणी न मिळालेल्या उंटाचे शरीर पहाटे सुमारे ३४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि दुपारी ४१ पर्यंत चढते, असे क्नुट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात वाळवंटात मोजले. पाचशे किलोचा उंट, प्रत्येक किलोला प्रत्येक अंशामागे सुमारे ०.८ किलोकॅलरी आणि सात अंशांची वाढ. गुणाकार केला की २,८०० किलोकॅलरी उष्णता शरीरात साठली. एक लिटर घामाचे बाष्पीभवन सुमारे ५८० किलोकॅलरी नेते, म्हणजे जवळजवळ पाच लिटर पाणी वाचले आणि साठलेली उष्णता रात्री थंड हवेत फुकट गेली. शिवाय शरीर तापल्यामुळे हवेशी असलेला फरक घटतो आणि बाहेरून येणारी उष्णताही कमी होते. मात्र उत्तर लिहिताना 'उंटाला पाणी वाचवायचे असते म्हणून त्याचे तापमान वाढते' असे लिहू नये. ते उपयोगाचे वर्णन झाले. घाम फुटण्याची मर्यादा वर सरकते, ही यंत्रणा आहे. परीक्षक यंत्रणा विचारतो आणि विद्यार्थी उपयोग लिहून मोकळे होतात, यात मला वाटते निम्मे गुण जातात.

प्रात्यक्षिकाबद्दल थोडक्यात: खरा प्रयोग असो वा संगणकावरची प्रतिकृती, नोंद घेण्यापूर्वी आपला अंदाज वहीत लिहावा आणि आलेख कोणत्या दिशेने जाईल तेही रेखाटावे. अंदाज चुकला की जे समजते, ते नुसत्या नोंदीतून समजत नाही. संप्रेरकांच्या धड्यालाही हीच सवय लावा: आयोडीन कमी पडले तर अवटू ग्रंथीचे संप्रेरक, पियूषिका ग्रंथीचे टीएसएच (अवटूला चालना देणारे संप्रेरक) आणि ग्रंथीचा आकार यांचे काय होईल, यासाठी तीन बाण काढले की निगेटिव्ह फीडबॅकची व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही.

क्रम निवडण्याची मोकळीक असेल, तर पेशीपटल आणि चेता आधी, मग स्नायू, रक्ताभिसरण, श्वसन, आणि उत्सर्जन सर्वांत शेवटी घ्या. कारण मूत्रपिंडात दाब, परासरण, आयनवाहक आणि संप्रेरके एकाच ठिकाणी येतात. माणसात दर मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला ९९ टक्क्यांहून अधिक परत शोषला जातो. तो धडा वाचून झाला की एक प्रश्न सोडवून पाहा. माणसाचे मूत्र जास्तीत जास्त सुमारे १,२०० मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांची संख्या मोजण्याचे एकक) प्रतिलिटर इतकेच संहत होऊ शकते आणि रोज सुमारे ६०० मिलिऑस्मोल द्राव्य बाहेर टाकावे लागते. तेव्हा काहीच न पिणाऱ्यालाही मूत्रातून किमान किती पाणी गमवावे लागेल? भागाकार सोपा आहे, अर्धा लिटर. आता त्याने प्रथिने जास्त खाल्ली तर हा आकडा कोणत्या बाजूला जाईल, आणि माणसाच्या चौपटीहून अधिक संहत मूत्र तयार करणारा कांगारू उंदीर कोरड्या बियांवर, पाणी न पिता कसा जगतो, हे प्रत्येकी चार ओळींत पुस्तक न उघडता लिहून पाहा.