‘सद्भावपूर्वक’ म्हणजे नुसतं ‘चांगल्या मनाने’ का?

प्रश्न असा आला आहे: संमती देऊ न शकणाऱ्या माणसाच्या भल्यासाठी केलेल्या कृतीला फौजदारी कायदा संरक्षण देतो. ते कलम मराठीत ‘सद्भावपूर्वक’ असा शब्द वापरतं. त्याऐवजी ‘चांगल्या हेतूने’ किंवा ‘सद्भावनेने’ लिहिलं तर काय बिघडलं? आणि तिथे ‘हित’ म्हणावं की ‘फायदा’?

बरंच बिघडतं.

हे कलम म्हणजे 1860 च्या भारतीय दंड संहितेतलं 92 वं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते 30 वं आहे. क्रमांक बदलला, पण जुनी उदाहरणं तशीच आली. एकाला वाघ उचलून नेतोय. दुसरा वाघावर गोळी झाडतो. ती त्या माणसालाच लागू शकेल, तो मरूही शकेल, हे त्याला कळतंय. पण हेतू वाचवण्याचाच आहे. गोळी माणसालाच लागते आणि तो मरतो. गुन्हा नाही. दुसरं उदाहरण जळत्या घराचं. खाली लोक घोंगडी ताणून उभे आहेत आणि वरून एकजण मूल खाली सोडतो. मूल दगावलं तरी गुन्हा नाही.

आता त्या घरात थोडा फरक करून बघू. धूर भरलाय, माणूस घाबरलाय, आणि खाली घोंगडी धरलीये की नाही हे न बघताच तो मूल सोडतो. हेतू? अगदी चांगला. सद्भावना? काठोकाठ. पण ‘सद्भावपूर्वक’? इथे वकील वाद घालायला उभा राहील, कारण कायद्याने या शब्दाची जी व्याख्या केली आहे ती मोठी गंमतीची आहे. सद्भाव म्हणजे काय हे ती सांगतच नाही. काय नाही, तेवढंच सांगते: योग्य ती दक्षता आणि लक्ष न देता केलेली किंवा मानलेली गोष्ट सद्भावपूर्वक म्हणता येणार नाही. म्हणजे मन साफ असणं पुरेसं नाही, डोळेही उघडे हवेत. अर्थात आगीत अडकलेल्याकडून किती दक्षतेची अपेक्षा धरायची, हे न्यायालय प्रसंग पाहूनच ठरवणार.

‘-पूर्वक’ हा प्रत्यय इथे मला फार नेमका वाटतो. ‘हेतूने’ म्हटलं की आपण कारण सांगतो. ‘प्रयत्नपूर्वक’, ‘लक्षपूर्वक’ म्हटलं की काम कसं केलं ते सांगतो. फौजदारी कायद्यातल्या ‘सद्भावपूर्वक’च्या पोटात ‘लक्षपूर्वक’ दडलेलं आहे. ‘सद्भावना’ हा शब्द तर सलोख्याच्या कामाला जुंपला गेलाय, यात्रा नि संदेशांतला. तो इथे नकोच.

या फरकाने माणसं तुरुंगात जातात. 1887 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयापुढे सुकारू कविराजाचा खटला आला (कविराज म्हणजे बंगालकडचा वैद्य). त्याने मूळव्याधीचे आतले कोंब साध्या सुरीने कापले आणि रोगी रक्तस्रावाने गेला. अशी कापाकापी त्याने आधीही केली होती, आणि रोग्याला मारायचं त्याच्या मनात नव्हतं. पण शस्त्रक्रियेचं शिक्षण नसताना असं धाडस करणं सद्भावात बसत नाही, असं न्यायालयाने ठरवलं.

घोळ असा की प्रत्येक कायद्यात हा शब्द याच अर्थाने येत नाही. 1897 च्या सामान्य वाक्खंड अधिनियमात (‘जनरल क्लॉजेस ॲक्ट’, इतर कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ ठरवणारा कायदा) सद्भाव म्हणजे फक्त प्रामाणिकपणा; हलगर्जी असली तरी चालते. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेलं 134-अ कलम तर अपघातग्रस्ताला सद्भावाने मदत करणाऱ्याच्या हातून निष्काळजीपणा झाला तरी त्याला वाचवतं. म्हणून ‘सद्भाव’ दिसला की आधी कायदा कोणता ते बघायचं. (आणि शाळेतून आणतो ते ‘बोनाफाईड’? मूळ लॅटिन अर्थ ‘सद्भावाने’ असाच, पण आता तो ‘हा विद्यार्थी इथलाच’ एवढंच सांगतो.)

जाता जाता याच कलमातल्या ‘संमतीशिवाय’ या शब्दाबद्दल. काही जण तिथे ‘संमतीविरुद्ध’ लिहितात, ते चूक. माणूस बेशुद्ध आहे, किंवा लहान आहे आणि वेळेत विचारता येईल असा पालक जवळ नाही, अशांसाठी हे कलम आहे. शुद्धीवरचा जाणता माणूस ‘नको’ म्हणत असेल तर ते त्याच्यासाठी नाही.

राहिलं ‘हित’ आणि ‘फायदा’. मराठीत ‘फायदा’ म्हटलं की हात आपसूक खिशाकडे जातो, आणि कायद्याचं स्पष्टीकरण नेमकं तेच नाकारतं: केवळ पैशाचा लाभ म्हणजे या कलमातलं हित नव्हे. बेशुद्ध माणसाचं एक मूत्रपिंड काढून विकलं आणि पै न् पै त्याच्याच खात्यात भरली, तरी हे कलम मदतीला येणार नाही. फायदा झाला असं कुणी म्हणेलही. म्हणून ‘हित’च लिहा.