"वयच झालंय आता" म्हणण्याआधी गोळ्यांची पिशवी उघडा

या वेळच्या बहुतेक प्रश्नांत शेवटी एकच वाक्य होतं, "वय झालंय, चालायचंच". नेहमी चालवून घ्यायची गरज नसते. आधी एक करा, घरातल्या मोठ्यांच्या सगळ्या गोळ्या, चूर्ण-काढे आणि शेजारच्या काकूंनी दिलेलं ते तेल-बिल सुद्धा, एका पिशवीत भरून पुढच्या वेळी डॉक्टरांच्या टेबलावर ओता. फाईलमध्ये पाच औषधं असतात आणि पिशवीतून अकरा निघतात, हे मी रोज बघते.

प्रश्न : बाबा ७४ वर्षांचे. रात्री लघवीला उठले की गरगरतं, मागच्या महिन्यात बाथरूमच्या दारात पडले, नशिबाने फ्रॅक्चर नाही. क्लिनिकमध्ये बीपी १३०/८० येतं. बीपी आणि प्रोस्टेट, दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. (सातारा)

१३०/८० हे बसल्यावरचं झालं, उभं राहिल्यावरचं कुणी बघितलंय का? घरी मशीन असेल तर बाबांना पाच मिनिटं आडवं पडू द्या, बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला परत घ्या, आणि हे करताना शेजारी कुणीतरी उभं राहा, नाहीतर तपासणीतच पडायचे. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर उठल्यावर बीपी पडतंय. प्रोस्टेटच्या टॅमसुलोसिन, प्राझोसिन वगैरे गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात, त्यात बीपीची गोळी, त्यात लघवी जास्त होणारी गोळी, आणि बऱ्याच घरांत हे सगळं रात्रीच्या जेवणानंतर एकदमच घेतलं जातं कारण लक्षात ठेवायला सोपं. मग रात्री दोनला बाबा झटकन उठतात आणि मेंदूपर्यंत रक्त पोचायच्या आत चालायला लागतात.

गोळी मनाने बंद करू नका, आकडे लिहून डॉक्टरांकडे न्या, वेळ बदलून किंवा डोस कमी करून बऱ्याचदा काम भागतं. तोवर उठताना आधी कुशीवर, मग पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, घोटे वर-खाली करायचे, मग उभं राहायचं. रात्री लघवी बसून करायची (पुरुषांना हे पटत नाही, पटवा). पलंगाजवळ लघवीचं भांडं ठेवलं तर अजून उत्तम. आणि बाथरूमची आतली कडी काढून टाका! आत माणूस पडलाय, कडी लागलेली, दारही आत उघडणारं, आणि बाहेर सगळे धक्के मारतायत, हा प्रसंग कुणावर येऊ नये. कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा हवा, टॉवेलच्या रॉडला धरून उठू नये, तो माणसाच्या वजनासाठी नसतो. दाराशी पायपुसणं म्हणून टाकलेली जुनी साडी आजच उचला.

प्रश्न : आई ६९, डायबेटीस, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू. एकादशी, चतुर्थी, सोमवार, सगळे उपास करते. सांगून ऐकत नाही. (पंढरपूर)

पंढरपुरात राहून एकादशी सोडा म्हणणारी मी कोण! सोडायला लावू नका, उपासाची पद्धत बदला. नुसती मेटफॉर्मिन असती तर शुगर फार खाली जायची भीती कमी असते. ग्लिमेपिराइड पोटात काही नसलं तरी आपलं काम करत राहते, वय जास्त आणि किडनी थोडी मंद असेल तर तिचा असर लांबतो, म्हणजे सकाळी गोळी आणि दुपारी एकपर्यंत नुसता चहा हे धोक्याचं गणित. उपासाच्या दिवशी कुठली गोळी किती घ्यायची हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या, आणि निर्जळी मात्र नकोच. दुसरी बाजू खिचडीची. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, वर बटाटा, म्हणजे सकाळी शुगर पडली आणि दुपारी ३०० ला टेकली असा झोपाळा. त्यापेक्षा थोडी भगर, दाण्याची आमटी, दही, काकडीची कोशिंबीर, आणि थोडं थोडं तीनदा.

घाम, थरथर, धडधड ही शुगर कमी झाल्याची खूण सगळ्यांना माहितीये, पण म्हाताऱ्या माणसात कधी कधी नुसती चिडचिड, असंबद्ध बोलणं किंवा झापड एवढंच दिसतं. मशीनवर ७० च्या खाली आलं तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासा, अजून कमी असेल तर परत द्या, मग काहीतरी खायला घाला. साखर उपासाला चालते, त्यामुळे तो वाद होणार नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट १०८.

प्रश्न : माझे सासरे ७८, तल्लख माणूस. दोन दिवसांपासून वेळ-काळ कळत नाही, रात्री बरळतात, दुपारी झोपून राहतात. नातेवाईक म्हणतात म्हातारचळ. (नागपूर)

हे वाचत असाल तर आधी दवाखान्यात न्या, उरलेलं नंतर वाचा. विसरण्याचा आजार महिने-वर्षं घेत येतो, दोन दिवसांत येत नाही. इतक्या अचानक झालं की मागे काहीतरी असतंच : लघवीचं किंवा छातीचं इन्फेक्शन (ताप नसतानाही), लघवी तुंबणं, शुगर, आठवड्याभरापूर्वी डोक्याला लागलेला मार, किंवा सर्दीची साधी गोळी, ज्यात बऱ्याचदा क्लोरफेनिरामिन असतं आणि ते या वयात डोक्याला भारी पडतं. अजून एक फार दिसतं, सोडियम कमी होणं. बीपी आहे म्हणून घरच्यांनी मीठ पार तोडलेलं, वरून लघवीची गोळी, वरून नागपूरचा मे महिना. ते रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं.

तोंड वाकडं, एक हात लुळा किंवा बोलणं जड झालं असेल तर तो स्ट्रोक समजून लगेच हला, गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साधारण साडेचार तासांचीच मुदत असते.

अ‍ॅडमिट केलं तर चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी सोबत न्या. या तिन्ही वस्तू "हरवतील म्हणून" घरी कपाटात ठेवतात, आणि मग न दिसणारा, न ऐकू येणारा माणूस आयसीयूत अजूनच भेदरतो.

प्रश्न : गुडघ्यासाठी आई मेडिकलमधून कायम एकच पेनकिलर आणते, रोज एक, तीन वर्षं झाली. तिला बीपीसाठी टेल्मिसार्टन आहे. चालेल का? (ठाणे)

नाही. अ‍ॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक जातीच्या गोळ्या रोज घेतल्या की बीपी चढतं, जठरातून रक्तस्राव होऊ शकतो आणि किडनी दुखावते, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी जोडीला असली तर जास्तच. या आठवड्यात क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीये ते सांगणारी रक्ताची तपासणी) करून घ्या. पर्याय म्हणून लावायचं जेल, लागेल तेव्हा डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, आणि खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा आकडे धरून ठेवायचा व्यायाम, तो रोज, टीव्ही बघता बघता. ता.क. तुम्ही सैंधव मिठाचंही विचारलंय : तेही मीठच, बीपीला फरक नाही. "लो सोडियम" मीठ मात्र टेल्मिसार्टनवर असताना विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि या गोळीबरोबर ते रक्तात जास्त साठू शकतं.

प्रश्न : आजी ८१, रोज मिश्री लावते. आता या वयात सोडवून काय उपयोग? (कोल्हापूर)

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आजींना कितीही दंतमंजन वाटो. उपयोग कुठल्याही वयात आहे, पण ८१ व्या वर्षी भांडून सुटणार नाही, दिवसातून चारदा असेल तर आधी दोनवर आणा, तंबाखू सोडायच्या सरकारी हेल्पलाईनवर (१८००-११-२३५६) फोन करा. त्याहून आधी बॅटरी घेऊन तोंड बघा, गालाच्या आत, जिभेखाली, हिरडीच्या मागे. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं, आणि आजी नाहीच म्हणाल्या तर कवळीचं माप द्यायचंय असं सांगून न्या.