पैसे जाहिरातमुक्त गाण्यांचे, स्पीकरवर मात्र जाहिराती

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरात राहते, घरीच ब्लाउज शिवून देते. गेल्या वर्षी पाडव्याला गाण्यांच्या एका अ‍ॅपचा वर्षाचा प्लॅन १,०९९ रुपयांना घेतला. ‘जाहिरातींशिवाय गाणी, तुमच्या सगळ्या डिव्हाइसवर’ असं त्यावर लिहिलं होतं. मोबाइल, स्पीकर, गाडी, आठ महिने सगळीकडे नीट चाललं. मग मेल आला की तुमचा प्लॅन आता फक्त मोबाइलसाठी, बाकी ठिकाणी ऐकायचं तर वरचा प्लॅन घ्या. तेव्हापासून स्पीकरवर दोन अभंगांच्या मध्ये जाहिराती लागतात. पुण्याला शिकणारी मुलगी माझ्याच लॉगिनने तिच्या टॅबवर गाणी लावते, तेव्हा माझी बंद पडतात. वणीला जाताना ऐकायला म्हणून डाउनलोड केलेली काही गाणी गायब झाली. आणि या पाडव्याला न विचारता खात्यातून १,५९९ रुपये गेले. तक्रारीला फक्त चॅट आहे, तिथे तेच ते उत्तर येतं. अटींमध्ये वाद बंगळुरूला लवादाकडे जाईल असं लिहिलंय. शिवणकामाच्या खोलीतही हाच स्पीकर चालू असतो, बायकांना बरं वाटतं. एवढ्याशा पैशांसाठी काही करता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, करता येईल, आणि करावं असं मला मनापासून वाटतं. पण तुमच्या पत्रात चार वेगवेगळ्या तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. त्यातल्या दोन भक्कम आहेत, दोन टिकणार नाहीत. चारही एकत्र मांडल्या, तर कंपनीचा वकील कच्च्या दोन पकडून पक्क्या दोन खिळखिळ्या करील. म्हणून आधी कच्च्या बाजूला काढू.

मुलीने गाणी लावली की तुमची बंद पडतात, यावर दाद मागू नका. किती डिव्हाइसवर लॉगिन करता येतं आणि एका वेळी किती डिव्हाइसवर गाणं वाजतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका व्यक्तीचा प्लॅन बहुतेक अ‍ॅपवर एका वेळी एकाच ठिकाणी वाजतो आणि तसं अटींमध्ये लिहिलेलं असतं. ‘सगळ्या डिव्हाइसवर’ याचा अर्थ ‘एकाच वेळी सगळ्यांवर’ असा ग्राहक आयोगापुढे लावता येणार नाही. उलट, तुमचा पासवर्ड पुण्यात वापरला जातो ही गोष्ट तुमच्याविरुद्ध वापरली जाईल. तिचं लॉगिन आजच बंद करा. ती वापरत होती हे मात्र लपवू नका. विचारलं तर खरं तेच सांगा. सर्व्हरवर त्याची नोंद असते, आणि एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जातो.

गायब झालेल्या गाण्यांचं दुःख मला कळतं. नांदुरीच्या घाटात नेटवर्क जातं आणि नेमकं तिथेच ठेवणीतलं गाणं सापडत नाही. पण ती गाणी तुम्ही विकत घेतली नव्हती, वर्गणी चालू आहे तोवर ऐकण्याचा परवाना घेतला होता. अ‍ॅपच्या हातीही त्या गाण्यांची मालकी नसते. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये टिप्स ही म्युझिक कंपनी आणि विंक हे गाण्यांचं अ‍ॅप यांच्यातल्या खटल्यात सांगितलं की रेडिओ-टीव्ही प्रसारणासाठी कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-डी मध्ये जो वैधानिक परवाना (मालकाच्या संमतीशिवाय कायद्यानेच मिळणारा) आहे, तो इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपना मिळत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठानेही तेच कायम केलं. म्हणजे अ‍ॅपला प्रत्येक म्युझिक कंपनीशी स्वतंत्र करार करावा लागतो, आणि तो संपला की त्या कंपनीची गाणी अ‍ॅपवरून जातात. सगळं भांडारच रिकामं झालं असतं तर गोष्ट वेगळी होती. काही गाणी गेली, यावर दावा उभा राहत नाही.

तुमचा खरा दावा स्पीकरचा आहे. तुम्ही एक गोष्ट वाचून पैसे दिले, कंपनीने आठ महिने तीच गोष्ट दिली आणि उरलेल्या चार महिन्यांसाठी ती काढून घेतली. पैसे मात्र बारा महिन्यांचे घेतले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ही सेवेतली त्रुटी आहे, आणि ‘सगळ्या डिव्हाइसवर’ असं सांगून विकायचं व नंतर हात आखडता घ्यायचा, ही अनुचित व्यापार प्रथा आहे. ‘आम्ही अटी कधीही बदलू शकतो’ असं वाक्य कंपनी दाखवील. त्याला घाबरू नका. एकतर्फी अटींवर ग्राहकाने सही केली म्हणून तो त्यात कायमचा अडकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पायोनियर अर्बन प्रकरणात बिल्डरच्या करारनाम्याबद्दल सांगितलं आहे. पुढच्या वर्षीचा प्लॅन बदलण्याची कंपनीला मुभा आहे. ज्या वर्षाचे पैसे आधीच घेतले, त्या वर्षातला नाही.

इथे एक खाचखळगा आहे, वकीलसुद्धा त्यात पडतात. तक्रारीत ‘हा करारच अनुचित आहे, तो रद्द करा’ असं मुख्य मागणं लिहू नका. नव्या कायद्यात अनुचित कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाच्या कक्षेत येत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. तुम्हाला नाशिकच्या जिल्हा आयोगापुढे राहायचं आहे. म्हणून शब्द दोनच : सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा.

पण त्याआधी घरात एक तपासणी करा. आपण स्पीकरला तोंडी सांगतो ‘अभंग लाव’, तेव्हा तो तुमच्या पैसे भरलेल्या अ‍ॅपमधूनच लावतो असं नाही. स्पीकरच्या सेटिंगमध्ये गाण्यांसाठी एक मुख्य सेवा ठरवलेली असते, आणि तिथे दुसरंच एखादं फुकट अ‍ॅप असेल तर जाहिराती त्याच्या येतात. स्पीकर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्याला जोडलेला असेल तरी तेच. तुमच्याकडे मेल आहे म्हणून माझा अंदाज तुमच्या बाजूचा आहे, तरीही सेटिंग बघून त्याचा फोटो काढा. किर्तन-प्रवचनाचे पॉडकास्ट ऐकत असाल तर त्यातल्या जाहिराती कार्यक्रम करणाऱ्यानेच आत रेकॉर्ड केलेल्या असू शकतात. त्या या भांडणात आणू नका.

मग पुरावा. एका मोबाइलवर तुमचं खातं आणि चालू प्लॅन दिसतोय, शेजारी स्पीकरवर जाहिरात वाजतेय, असा सलग व्हिडिओ करून ठेवा. पाडव्याची मूळ ऑफर तुमच्याकडे स्क्रीनशॉट म्हणून नसेल, तर मेलचा इनबॉक्स, एसएमएस, मुलीला तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असेल तर ते, सगळं धुंडाळा. तुमची केस या एका वाक्यावर उभी आहे, म्हणून त्यावर एक दुपार गेली तरी चालेल. डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं. आयोग साक्षीपुराव्याच्या नियमांबाबत कोर्टाइतका काटेकोर नसतो, पण जोडलेलं बरं. आणि बिल डाउनलोड करा. अ‍ॅपचं नाव आणि कंपनीचं नाव बऱ्याचदा वेगळं असतं. दावा कुणावर करायचा, ते नाव आणि पत्ता जीएसटीच्या बिलावर सापडतो.

आता १,५९९ रुपये. इथे प्रश्न कंपनीइतकाच बँकेचाही आहे. ऑटोपेच्या, म्हणजे खात्यातून आपोआप होणाऱ्या, प्रत्येक वसुलीआधी किमान २४ तास सूचना यायला हवी, आणि त्यात कोणाला, किती आणि कधी जाणार हे असायला हवं, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. ती वसुली थांबवण्याची सोयही त्यात द्यावी लागते. तेव्हा पाडव्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांचे एसएमएस आणि मेल बघा. मग यूपीआय अ‍ॅपमध्ये किंवा कार्डाच्या बँकेत तुमचा मूळ मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायला तुम्ही दिलेली परवानगी, उघडा. त्यात रक्कम ठराविक १,०९९ होती, की ‘कमाल अमुक’ अशी मर्यादा होती? ठराविक असेल तर तुमच्या नव्या संमतीशिवाय १,५९९ जायलाच नको होते. मग बँकेला आजच लेखी तक्रार द्या, आणि तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी नाही. पण कमाल मर्यादा मोठी होती आणि सूचनाही आली होती, असं निघालं, तर बँकेला सोडा. कंपनीने वाढलेली किंमत तुम्हाला स्पष्ट सांगितली होती का, एवढाच मुद्दा मग उरतो. मँडेट लगेच रद्द करा. अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबते असा अनेकांचा समज आहे, ती थांबत नाही. पैसे मोबाइलच्या अ‍ॅप स्टोअरमार्फत जात असतील तर तिथल्या सबस्क्रिप्शनच्या पानावरून ती बंद करावी लागते. रद्द करण्याचं बटण मुद्दाम लपवलेलं असेल तर त्याचीही स्क्रीन रेकॉर्ड करा. ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनच्या रचनेविषयीच्या) सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत अशा वर्गणीच्या सापळ्याला नाव घेऊन मनाई केली आहे.

चॅटवर वेळ घालवू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार मिटवायची असते. त्याला मेल करा, एक पानाचा, तारखा घालून. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. रिफंडचा बराचसा तंटा याच पायरीवर मिटतो, असा माझा अनुभव आहे.

नाही मिटला तर जिल्हा आयोग. बंगळुरूचा धसका सोडा. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे नाशिकला. लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ या बिल्डरच्या प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. तक्रार सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून भरता येते, वकील लागत नाही, आणि अर्ज करून व्हिडिओवरून सुनावणी मागता येते. नोटीस मिळाल्यावर कंपनीला उत्तराला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही.

मागायचं काय? चार महिन्यांचा हिस्सा म्हणजे सुमारे ३६६ रुपये, नव्या वसुलीचे १,५९९, त्यावर व्याज, मनस्तापाची माफक भरपाई आणि खर्च. लाखाचा आकडा टाकू नका. माफक मागणी वाचणाऱ्याला खरी वाटते. रक्कम लहान आहे म्हणून तुम्हाला संकोच वाटतोय, ताई, पण कंपनीचा हिशेबही याच संकोचावर बसवलेला असतो. सुईदोऱ्याने मिळवलेले हे पैसे आहेत. ते मागायला लाजायचं कारण नाही.

शेवटी तुमच्या पत्रातलं ते वाक्य, ज्याने मला काळजी वाटली : शिवणकामाच्या खोलीत तोच स्पीकर चालू असतो. वैयक्तिक प्लॅन घरगुती ऐकण्यासाठी असतो. गिऱ्हाइकं येतात त्या जागी गाणी वाजवणं १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक वाजवणं ठरू शकतं आणि त्याला वेगळा परवाना लागतो. शिवाय ‘ही सेवा धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही’ असा बचाव कंपनीच्या हाती जातो. तुम्ही घरासाठीच प्लॅन घेतला होता आणि तेच खरं आहे. म्हणून आजपासून स्पीकर स्वयंपाकघरातच ठेवा. शिवताना तुम्ही एकट्या असाल तेव्हा मोबाइलवर ऐका, गिऱ्हाईक आलं की बंद करा.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं असते. स्पीकरसाठी ती प्लॅन बदलल्याच्या मेलपासून मोजा आणि त्या मेलची तारीख दिसेल अशी प्रिंट आधी काढून ठेवा.