सेल्फ 'टक' करतो म्हणजे बॅटरीच गेली असं नाही

प्रश्न : आमच्या दूध संस्थेत बल्क कूलरसाठी २५ केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे. संध्याकाळच्या संकलनाला नेमकी वीज जाते आणि सेल्फ नुसता 'टक' करतो. १२ व्होल्टची बॅटरी वर्षात दोनदा बदलली. आता मेकॅनिक म्हणतो, डायनामो बदला. काय करावं?
– एका संस्थेचे सचिव, करवीर तालुका

उत्तर : तिसरी बॅटरी घेऊ नका आणि डायनामोही (इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) इतक्यात उतरवू नका. साधा डिजिटल मल्टिमीटर आणा. पॅनेल ऑटोवर असेल तर वीज जाताच इंजिन आपोआप फिरेल, म्हणून आधी ते ऑफ करा. बेल्टला हात लावायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबलही काढून ठेवा.

पॅनेलमधला वीजेवरचा चार्जर बंद करून तीन-चार तासांनी बॅटरी मोजा. चार्जर चालू असताना मोजलेला आकडा फसवा असतो. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२ म्हणजे जवळजवळ उतरलेली. बॅटरी भरलेली असूनही सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरीवर संशय घ्या. आता चार्जर बंदच ठेवून इंजिन चालू करा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर पुन्हा मोजा. १३.८ ते १४.४ दिसलं तर डायनामो काम करतोय. १२.४ वरून आकडा हळूहळू उतरतच गेला तर चार्जिंग होत नाही.

अशा वेळी सगळ्यात आधी बघायचा तो पॅनेलवरचा लाल चार्जिंग दिवा, आणि नेमकं तिकडेच दुर्लक्ष होतं. हा दिवा फक्त सूचना देत नाही. किल्ली फिरवली की याच बल्बमधून थोडा करंट डायनामोच्या डी-प्लस टर्मिनलवर जातो, रोटरमध्ये (डायनामोच्या फिरत्या भागात) चुंबकत्व येतं आणि मग चार्जिंग सुरू होतं. बल्ब उडाला तर धडधाकट डायनामोही गप्प बसतो. तीन वॅटच्या बल्बमधून पाव अँपिअर मिळतो. त्याच्या जागी एलईडी बसवली तर मिळतात काही मिलिअँपिअर, आणि तेवढ्यावर डायनामो जागा होईलच असं नाही. किल्ली चालू आणि इंजिन बंद असताना दिवा लागत नसेल तर डी-प्लसची तार काढून इंजिनच्या बॉडीला टेकवा. तरीही लागला नाही तर दोष बल्ब, फ्यूज किंवा तारेत आहे. लागला तर कार्बन ब्रश (रोटरला करंट पोचवणारे), रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) किंवा रोटर तपासायला हवा. ब्रश झिजून पाच मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर बदलाच. मात्र इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असेल तर ही तार बॉडीला टेकवू नका. काढलेल्या तारेवर व्होल्टेज येतं का, एवढं मीटरने बघा.

डायनामोच्या बी-प्लसवर (बॅटरीकडे जाणाऱ्या जाड तारेच्या टर्मिनलवर) १४.२ आणि बॅटरीवर १३.४ दिसलं तर वाटेत व्होल्टेज पडतंय. इंजिन चालू ठेवून एक प्रोब बी-प्लसवर, दुसरा बॅटरीच्या पॉझिटिव्हवर धरा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर लग (तारेच्या टोकाचे जोड) उघडून घासा. डायनामोची बॉडी आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यातही असंच मोजा. आपल्याकडच्या पावसाळ्यात शेडमधल्या लगवर हिरवट थर चढतो. वरून घट्ट दिसणारा नटही आतून सुटलेला असतो. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर दबावा.

चार्जिंग बरोबर असूनही आठवडाभर उभ्या जनरेटरची बॅटरी उतरत असेल तर इंजिन बंद ठेवून निगेटिव्ह केबलमध्ये अँपिअर मीटर जोडा. त्या अवस्थेत सेल्फ मारू नका, मीटर जळेल. ५० मिलिअँपिअरची गळती दिवसाला १.२ अँपिअर-अवर खाते. बी-प्लसची तार काढल्यावर आकडा पडला तर डायनामोचे डायोड (करंट उलटा येऊ न देणारे भाग) गळतायत. (ती तार काढण्याआधी निगेटिव्ह सोडा.)

एक कळकळीची विनंती. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून 'डायनामो बघू' असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा. बॅटरी निघाली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, कधी कंट्रोलरही जळतो. चांगला डायनामो असाच बाद होतो.

प्रश्न : शिरोलीतल्या वर्कशॉपच्या जनरेटरमध्ये दर पंधरवड्याला बॅटरीत पाणी घालावं लागतं. पॅनेलमधला चार्जर कायम चालू असतो.

उत्तर : चार्जर जास्त व्होल्टेज देत असावा. पाण्याच्या बॅटरीला सतत चालू चार्जरवर १३.५ ते १३.८ पुरतं. त्याच्या वर असेल तर आतला प्रीसेट (व्होल्टेज ठरवणारा स्क्रू) कमी करून घ्या किंवा चार्जर बदला. चार्जर ठीक निघाला तर इंजिन चालवून मोजा. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, तेही चार्जिंगनंतर.

प्रश्न : महापुरात जनरेटर पाण्यात होता. सर्व्हिसिंग केलं, पण चार्जिंग मधूनच थांबतं.

उत्तर : डायनामो उघडून घ्या. गाळ वाळून ब्रश होल्डरमध्ये अडकतात आणि स्लिप रिंगला (रोटरवरच्या फिरत्या कड्यांना) टेकत नाहीत. रिंगा बारीक पॉलिश पेपरने साफ करा, ब्रश स्प्रिंगसकट मोकळे सरकतायत का बघा, आणि बेअरिंगं आवाज करत नसली तरी दोन्ही नवी घाला.