गूढ शब्दकोड्यात उत्तर अंदाजानं येतं, पण शोधसूत्राची फोड जमत नाही. गटानं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरातले चौघं मिळून मराठी गूढ कोडी सोडवता, उत्तर बऱ्याचदा येतं, पण तेच का बरोबर हे कुणालाच सांगता येत नाही. माझ्या मते तुम्ही एकमेकांना उत्तर फार लवकर सांगताय.

गूढ कोड्यात प्रत्येक शब्दासाठी दिलेला इशारा म्हणजे शोधसूत्र. त्यात उत्तराचा सरळ अर्थ एका टोकाला असतो, सुरुवातीला किंवा शेवटी. उरलेला शब्दखेळ, आणि कंसातला आकडा उत्तराच्या घरांचा. 'गलका उधळला की कोल्हापूरचा तालुका (३)' यात अर्थ शेवटी आहे आणि 'उधळला' हा अक्षरं विस्कटायला सांगणारा खूणशब्द. ग-ल-का हलवा, कागल मिळतं.

सगळ्यात जास्त चुका अशी अक्षरं हलवतानाच होतात. मराठीत एका घरात काना-मात्रेसकट अक्षर बसतं आणि काना-मात्रा अक्षराला सोडत नाहीत. 'रावणा'तून 'वारणा' निघणार नाही, कारण वारणेला 'वा' आणि 'र' लागतात, हातात आहेत 'रा' आणि 'व'. जोडाक्षरालाही एकच घर, त्यामुळं 'कोल्हापूर' चारच घरांत मावतं. इंग्रजी कोड्यांवर हात बसलेले हमखास इथं अडखळतात, तिथं प्रत्येक अक्षर सुटं फिरतं.

'शेतवाडीत दडलेला भाकरीचा आधार (२)': शे-तवा-डीत, उत्तर समोरच लिहिलंय. 'नदी उलटली तर गरीब (२)': दीन. 'कृष्णाच्या सखीमागं शहर, तिथं धरण (५)': राधा आणि नगरी, मिळून राधानगरी. इथं धरण वाचून मन कृष्णा नदीकडं धावतं, पण नदी असती तर 'कृष्णेच्या' झालं असतं. विभक्ती नीट वाचा, विरामचिन्हांवर मात्र विसंबू नका.

खूणशब्द सापडतच नसेल तर दोन अर्थ शेजारी ठेवलेत का ते पाहा. 'नाटकाआधी पैलवान इथंच (३)' हे 'नाटकाआधी'पाशी तोडलं की तालीम दिसते. कोल्हापूरकरालाही हे चकवतं, कारण आपण वाक्य सलग वाचतो.

आता गटाचं. ज्याला सुटलं त्यानं व्हॉट्सॲपवर आधी एवढंच लिहावं की अर्थ कुठल्या टोकाला आहे. दहा मिनिटांनी खूणशब्द. तरी अडलं तर एक अक्षर, तेही घर सांगून: 'दुसऱ्या घरात ली'. उत्तर सगळ्यात शेवटी आणि फोडीसकटच. फोड करताना सूत्रातला एखादा शब्द बिनकामाचा उरला तर ते उत्तर पेन्सिलीनंच भरा. छेदणारे शब्द जुळूनही तो उरलाच, तर सूत्र सैल रचलेलं असू शकतं, आणि हेही गटात बोलून ठरवावं.

भरताना ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. 'तालिम' लिहिलंत तर त्याच घरातून खाली उतरणारा 'लीन' कुणालाच सुटणार नाही आणि चूक शोधली जाईल भलत्याच ठिकाणी.