लेहहून खारदुंग ला एका दिवसात १५० सीसी गाडीवर होतो का? टायर बदलावे लागतील का?

होतो. जायला ४० किलोमीटर, यायला तेवढंच. सकाळी सातला निघालात तर दुपारी जेवायला परत लेहमध्ये. उशिरा निघू नका, ऊन चढलं की बर्फ वितळून रस्त्यावर पाणी वाहायला लागतं. पण चढायचं सगळेच विचारतात. उतरायचं कुणी विचारत नाही, म्हणून लिहायला बसलो.

२०१६ च्या जुलैत मी आणि माझा मेव्हणा, दोघंही सोलापूरचे, दोघांच्याही दीडशेच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्या. टाकी रिकामी करून दिल्लीपर्यंत रेल्वेनं पार्सल केल्या, पुढं चालवत नेल्या. आपलं सोलापूर ४५० मीटरच्या आसपास, लेह ३,५०० आणि खारदुंग लाची खिंड ५,३५९. (तेव्हा वर पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं होतं. फोटो काढायला ठीक, प्रत्यक्षात १७,६०० फुटांच्या आतच आहे.) तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा. कार्ब्युरेटरला हवा कमी, पेट्रोल मात्र भरपूर, त्यामुळे गाडी काळा धूर ओकते. साऊथ पुल्लू म्हणजे खिंडीच्या अलीकडचं चेकपोस्ट, त्याच्या पुढं आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच होतो. रडत का होईना, पोचलो.

परत निघताना मेव्हण्यानं इंजिन बंद करून गाडी न्यूट्रल केली. मी म्हणालो, गिअरमध्ये ठेव. तर म्हणे, "दाजी, तुळजापूरचा घाट मी असाच उतरतो की, पेट्रोल वाचतंय." आता तुळजापूरचा घाट म्हणजे बालाघाटाचं एक टेकाड. वळणं संपेपर्यंत देवीचं नाव निम्मं घेऊन होतं. आणि इथं लेहपर्यंत जवळजवळ दोन हजार मीटरचा उतार!

वरचा रस्ता फुटका होता, तोवर वेगच नव्हता. साऊथ पुल्लूच्या खाली गुळगुळीत डांबर लागलं आणि गाडी सुटली. गिअरमध्ये असती तर इंजिननंच गाडी धरून ठेवली असती, आता गाडी, सामान आणि साहेब, सगळा भार ब्रेकवर. मागचा ड्रम इतका तापला की पाय दाबला तरी ब्रेक लागेना. पुढचा डिस्क वळणावर कचकन दाबायची त्याची हिंमत झाली नाही, ते एक बरं झालं. शेवटी डोंगराच्या बाजूला मातीच्या ढिगाऱ्यात घातली. आरसा गेला, गुडघा सोलला, बस. ढिगारा दुसऱ्या बाजूला असता तर हे उत्तर मी लिहिलं नसतं.

तेव्हापासून घरी कुठलंही कार्य असो, जेवणं झाली की तो सांगतो, "दाजींच्या मेकॅनिकनं ब्रेकचे लायनर डुप्लिकेट टाकले होते." आठ-दहा वेळा ऐकून घेतलंय. लेहमध्ये ड्रम उघडला तेव्हा लायनर आरशासारखे चकाकत होते. तापून तापून काच झाली होती. पॉलिश पेपर मारला आणि तेच लायनर घालून तो पुढं दोन वर्षं होटगी रोडवर फिरला! डुप्लिकेट लायनर एवढे चालतात होय? सासरेबुवांसमोर मी हे कधी बोललो नाही, इथं बोलतोय.

तर ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन चालू, क्लच सोडलेला, ब्रेक अधूनमधून. पाय सतत पेडलवर ठेवून उतरणाऱ्यानं माझ्याशी वाद घालू नये.

तुमची गाडी २०२० नंतरची असेल तर इंजेक्शनवाली असणार. ती हवा बघून पेट्रोल कमी करते, काळ्या धुराची कटकट नाही. दम मात्र तिचाही निम्म्यावर येतोच, त्यामुळे मागं कुणाला बसवून नेणार असाल तर १५० चा विचार पुन्हा करा. आणि हे आधीच लिहायला हवं होतं: लेहमध्ये उतरल्या उतरल्या वर जाऊ नका. दोन दिवस नुसतं बसा, पाणी प्या. आम्ही एकच दिवस थांबलो होतो, वर माझं डोकं ठणकत होतं, चहासुद्धा जाईना. मेव्हण्याला काही झालं नाही, हेही तो सांगत असतो. डोकं दुखून उलटी आली तर फोटोबिटो सोडा, लगेच खाली या.

टायरचं राहिलंच. नक्षी शिल्लक असेल तर आहेत तेच चालतील.