उत्तर: कॉलेजच्या केमिस्ट्री आणि मायक्रोबायोलॉजी लॅबसाठी एका दिवसाचं सुरक्षा प्रशिक्षण

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजात केमिस्ट्री आणि मायक्रोबायोलॉजी अशा दोन्ही लॅब आहेत, कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची कमिटी येणार आहे, प्राचार्यांनी एका दिवसाचं सुरक्षा प्रशिक्षण तुमच्या गळ्यात टाकलंय आणि तुम्हाला चांगली पीपीटी हवी आहे. सगळ्यांनी लिंका दिल्याच आहेत. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. पीपीटी अर्ध्या तासात उरका आणि उरलेला दिवस लोकांना आपापल्या ओट्यापाशी उभं करा. मी कंपनीच्या आर अँड डी लॅबमध्ये आयुष्य काढलं, आता कॉलेजांमध्ये हेच शिकवायला जातो. सेमिनार हॉलमध्ये खुर्चीवर बसून ऐकलेलं धांदलीच्या वेळी कुणालाही आठवत नाही. हाताने एकदा केलेलं आठवतं.

आधी कुणाला बोलवायचं ते. तुमच्या यादीत प्राध्यापक, एमएस्सीचे विद्यार्थी आणि पीएचडीवाले आहेत. लॅब अटेंडंट, काच धुणाऱ्या मावशी, स्टोअरचे भाऊ कुठे आहेत? ॲसिडची अडीच लिटरची बाटली जिन्यावरून तेच आणतात. सिंकमध्ये राहिलेली फुटकी पिपेट त्यांच्याच हाताला लागते. रात्रीचा कचरा तेच बांधतात. त्यांची बॅच आधी घ्या, वेगळी घ्या आणि सरळ मराठीत घ्या. सरांसमोर ते प्रश्न विचारत नाहीत, हा माझा दरवेळचा अनुभव. बाटलीवरची चित्रं (ज्वाला, कवटी, हातावर सांडणारं ॲसिड, छातीवर चांदणी) मोठी छापून प्रत्येकाचा अर्थ त्यांच्याकडून वदवून घ्या. चांदणीचा अर्थ बहुतेकांना ‘भारी केमिकल’ असा वाटतो. ते चिन्ह कॅन्सरसारख्या, उशिरा दिसणाऱ्या आजारांचं आहे.

स्टोअर आवरताना काय होऊ शकतं याचं आपल्याकडचं सगळ्यात वाईट उदाहरण दिल्लीचं. दिल्ली विद्यापीठाच्या केमिस्ट्री विभागातलं एक जुनं गॅमा यंत्र कित्येक वर्षं वापराविना पडून होतं. 2010 मध्ये ते भंगारात विकलं गेलं. आत किरणोत्सर्गी कोबाल्ट-60 होतं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते उघडलं गेलं, अनेक जण आजारी पडले, एक कामगार दगावला. तुमच्याकडे कोबाल्ट नसेल, पण लेबल गळून पडलेल्या बाटल्या, वर्षानुवर्षं उघडलेल्या ईथरचे डबे आणि रॉकेल उडून गेलेलं सोडियम नक्की असेल. ‘कपाट रिकामं करा’ हा हुकूम अटेंडंटला एकट्याला कधीच देऊ नये.

आता ज्या घटनेवर माझा अख्खा सकाळचा वेळ जातो ती. 29 डिसेंबर 2008, लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ. शेरी सांगजी, वय 23, नुकतीच पदवी घेऊन संशोधन सहायक म्हणून लागलेली. ती टर्शरी ब्यूटिल लिथियम सिरिंजने ओढत होती. हे द्रावण हवा लागताच पेटतं. प्लॅस्टिकच्या सिरिंजचा दट्ट्या बाहेर निसटला, द्रावण उडालं आणि भडका झाला. अंगावर सिंथेटिक स्वेटर, ॲप्रन नव्हता. इमर्जन्सी शॉवर लॅबमध्ये होता, पण त्याखाली तिला कुणी नेलं नाही. सहकाऱ्याने आपल्या ॲप्रनने आग विझवायचा प्रयत्न केला, मग सिंकमधून पाणी ओतलं. 16 जानेवारी 2009 ला ती गेली. त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच झालेल्या तपासणीत त्या लॅबमध्ये ॲप्रन न घालण्याची नोंद झालेली होती. पुढे विद्यापीठ आणि त्या लॅबचे प्रमुख, प्राध्यापक पॅट्रिक हॅरन, या दोघांवरही फौजदारी आरोप ठेवले गेले. विद्यापीठाचं प्रकरण 2012 मध्ये समझोत्याने मिटलं, प्राध्यापकांचं 2014 मध्ये.

ही गोष्ट सांगून लोकांना घाबरवू नका, तिचे तुकडे करून एकेक करायला लावा. तुमच्याकडे ब्यूटिल लिथियम नसेल, सिरिंज आहेच. रबर सेप्टम (सुई टोचता येईल असं बूच) लावलेल्या बाटलीत रंगीत पाणी भरा, सिरिंजने ओढायला सांगा. साठ मिलीच्या सिरिंजमध्ये किती ओढायचं, सुई किती लांब हवी, दट्ट्या कुठवर आल्यावर थांबायचं, हे सगळं पाण्यावर शिकता येतं. दट्ट्या निसटून पाणी ॲप्रनवर उडालं की वर्गात हशा पिकतो. हसू द्या. तो डाग दिवसभर ॲप्रनवर राहतो आणि बोलायचं काम तोच करतो. कुठलंही नवं, धोक्याचं काम आधी पाण्यावर करून दाखवल्याशिवाय खऱ्या रसायनाला हात नाही, एवढा एक नियम लागू झाला तरी तुमचा दिवस सार्थकी लागला.

मग शॉवर. खाली टब किंवा मोठी बादली ठेवा आणि चेन खरोखर ओढा. मी पाहिलेल्या कॉलेजांत तीन प्रकार भेटले: चेन कुणाच्या तरी डोक्याला लागते म्हणून वर गुंडाळून बांधलेली, शॉवरखाली खोकी रचलेली, आणि सगळं ठीक पण दुपारी गच्चीवरची टाकी रिकामी. आयवॉशचंही (डोळे धुवायच्या नळाचंही) तेच. विदर्भ-खानदेशात मे महिन्यात टाकीचं पाणी इतकं तापतं की डोळ्यावर मारवत नाही. पाईप सावलीतून घ्यावा लागतो किंवा आधी थोडं पाणी वाहू द्यावं लागतं. हे कुठल्याच पीपीटीत नसतं, तुमच्या गच्चीवर जाऊनच कळतं. विद्यार्थ्याच्या डोळ्यावर रुमाल बांधा, त्याच्या ओट्यापासून आयवॉशपर्यंत चालत जायला सांगा. वाटेत स्टुलं किती आडवी येतात ते बघा. डोळे धुवायचे पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. पंधरा मिनिटं किती लांब असतात ते एकदा करून पाहिल्याशिवाय पटत नाही. लोक दोन मिनिटांत ‘आता बरं वाटतंय’ म्हणून उठतात. अल्कली पडलेल्या डोळ्याला तेवढी घाई परवडत नाही.

ग्लोव्हज घातले की आपण सुरक्षित, हा समज मोडायला कुंकू वापरा. ग्लोव्हजवर थोडं कुंकू लावा आणि दहा मिनिटं नेहमीसारखं काम करू द्या. मोबाईल, दाराची कडी, पेन, स्वतःचं नाक, सगळं लाल. मग ग्लोव्हज काढायला लावा. बोटांना कुंकू लागलं की पुन्हा. आणि कॅरन वेटरहान यांचं सांगा. डार्टमथ कॉलेजच्या या प्राध्यापक धातूंच्या विषारीपणाच्या जाणकार होत्या. ऑगस्ट 1996 मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब त्यांच्या लॅटेक्स ग्लोव्हजवर पडले. त्यांनी फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), ग्लोव्हज घालून, त्या वेळच्या नियमांप्रमाणेच काम केलं होतं. जून 1997 मध्ये पाऱ्याच्या विषबाधेने त्या वारल्या. नंतरच्या चाचण्यांत दिसलं की ते द्रव्य लॅटेक्समधून काही सेकंदांत पार होतं. म्हणून ‘ग्लोव्हज घाला’ एवढ्यावर थांबू नका, कुठल्या द्रव्याला कुठले ते सांगा. तुमच्या लॅबमधले निळे पातळ नायट्राइलचे ग्लोव्हज ॲसिटोन किंवा क्लोरोफॉर्मपुढे फार टिकत नाहीत. सांडलं की लगेच बदलायचे.

मायक्रोबायोलॉजीच्या बाजूला सगळ्यात मोठा गोंधळ लॅमिनारचा, म्हणजे गाळलेली हवा सोडणाऱ्या कामाच्या कपाटाचा. बहुतेक कॉलेजांत आडव्या वाऱ्याचं लॅमिनार असतं. ते तुमची प्लेट स्वच्छ ठेवतं, तुम्हाला नाही. मागच्या फिल्टरमधून आलेली हवा प्लेटवरून थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. विद्यार्थी त्यातच रुग्णाच्या नमुन्यातून वेगळे केलेले जंतू उघडतात आणि ‘हूडमध्ये काम करतोय’ म्हणून निर्धास्त असतात. लॅमिनार चालू करा, आत स्पिरिट वगैरे काही नाही याची खात्री करून उदबत्ती लावा आणि धूर कुणाच्या नाकात जातो ते दाखवा. रोगजंतूंचं काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच (काम करणाऱ्यालाही जपणारं कपाट). कॅबिनेट नसेल तर ते प्रॅक्टिकल निरुपद्रवी जातीवर घ्या, अभ्यासक्रम तेवढा लवचिक असतो. तीच उदबत्ती केमिस्ट्रीच्या फ्यूम हूडच्या काचेखाली धरा. धूर आत ओढला जायला हवा. बाहेर रेंगाळला तर ते नुसतं कपाट आहे.

स्पिरिट लॅम्प पेटता असताना त्यात स्पिरिट ओतू नये हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवर्षी कुणीतरी ओततं. स्प्रेडरचं (प्लेटवर जंतू पसरवायच्या दांडीचं) जास्त महत्त्वाचं आहे. अल्कोहोलमध्ये बुडवायचा, ज्योतीवरून फिरवायचा आणि पुन्हा बीकरमध्ये, इथेच बीकर पेट घेतो. त्या क्षणी बीकर उचलून सिंककडे धावणं ही सगळ्यांची पहिली ओढ असते आणि हात, बाही, ओटा सगळं त्यातच पेटतं. जवळ पेट्री प्लेटचं काचेचं झाकण किंवा स्टीलची ताटली ठेवा, वरून झाका, संपलं. ज्योत न लावता हे झाकण प्रत्येकाकडून करून घ्या. लांब केस, ओढणी आणि नायलॉनचे कुर्ते याच प्रॅक्टिकलला सांगायचे, वेगळं प्रवचन नको.

हायपोबद्दल (जंतू मारायचं सोडियम हायपोक्लोराइट): 1 टक्क्याचं द्रावण रोजच्या रोज बनवा, कालच्याचा भरवसा नाही. हायपोत बुडवलेलं सामान ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात) टाकू नका, क्लोरीन सुटतो. ॲसिडमध्ये मिसळलं तरी तेच. ऑटोक्लेव्हच्या टेपवर काळे पट्टे आले म्हणजे जंतू मेले असं नव्हे, टेपला उष्णता लागली एवढंच कळतं. खात्रीसाठी महिन्यातून एकदा तरी स्पोर स्ट्रिप (चिवट जंतूबीजं असलेली चाचणीची पट्टी) लावा.

रक्तगटाचं प्रॅक्टिकल असेल तर लॅन्सेट (बोट टोचायची सुई) एकदाच वापरायची, टोपण परत लावायचं नाही, थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. टोचलंच तर पिळू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. लस न घेतलेल्याला बाधित रक्ताची सुई टोचली तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत, सी ची साधारण 3 आणि एचआयव्हीची 0.3. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. म्हणून जवळच्या सरकारी रुग्णालयाचा पत्ता आजच भिंतीवर लावा. हिपॅटायटिस बी ची लस अटेंडंट आणि मावशींनाही द्या, कॉलेजच्या खर्चाने.

केमिस्ट्रीच्या वेस्टबद्दल एकच गोष्ट ठासून सांगा: नायट्रिक ॲसिडचं वेस्ट आणि ॲसिटोन-अल्कोहोलचं वेस्ट एका बाटलीत कधीही नाही. काही वेळ काहीच होत नाही, म्हणून लोक झाकण घट्ट लावून घरी जातात. आतल्या आत वायू साठत जातो आणि रात्री बाटली फुटते. काचा कपाटाच्या दारात रुतलेल्या मी पाहिल्या आहेत. आणि ईथर, पेट्रोलियम ईथर घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नका, आतल्या थर्मोस्टॅटची ठिणगी पुरते.

शेवटी कागदपत्रं, कारण कमिटीला तीच हवीत. सह्यांचा तक्ता आणि बॅनरसमोरचा फोटो ठेवा, पण सोबत प्रत्येकाच्या नावापुढे काय करून दाखवलं ते लिहा: शॉवर, ग्लोव्हज काढणं, बीकर झाकणं, सिलिंडरला साखळी लावणं. कुठल्या द्रव्याचं किती प्रमाण चालेल हेही लेखी असू द्या. जानेवारी 2010 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठात एका संयुगाच्या स्फोटात एका विद्यार्थ्याची तीन बोटं गेली. त्या स्फोटक संयुगाची मर्यादा 100 मिलिग्रॅम ठरली होती, पण तोंडी. बनवलं होतं सुमारे 10 ग्रॅम. ओट्यापासून दूर आल्यावर त्याने गॉगल काढला आणि एकदाच ढवळायचं म्हणून परत गेला.

तुमच्या यादीत ‘ग्लास एचिंग’ (काचेवर ॲसिडने कोरणं) असा शब्द दिसला. त्यासाठी हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरत असाल तर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल (हे ॲसिड अंगाला लागल्यावर लावायचं) लॅबमध्ये आल्याशिवाय ती बाटली उघडू नका, आणि इथे कळवा. त्याबद्दल वेगळं, सविस्तर लिहितो.